बहीण 'गरीब गाय' आहे, हे जर्मनमध्ये सांगू नका!

समजा, खानापूरकडची एक मुलगी जर्मनच्या तोंडी परीक्षेला बसली आहे. परीक्षक विचारतात, "तुमच्या बहिणीबद्दल सांगा. स्वभावानं कशी आहे ती?" मुलीच्या डोक्यात मराठीच चाललेलं. बहीण म्हणजे अगदी गरीब गाय, कुणाच्या अध्यात ना मध्यात. 'गाय'ला जर्मन शब्द येतो, 'कू'. आणि ती सरळ सांगून टाकते, माझी बहीण कू-सारखी आहे.

परीक्षकांच्या भुवया वर जातात. जर्मनीत बाईला 'कू' म्हणणं ही शिवी आहे. 'डुमे कू', म्हणजे मूर्ख गाय, ही तर भांडणातली नेहमीची शिवी. तिथल्या दंडसंहितेच्या कलम १८५ नुसार कुणाचा अपमान करणं हा गुन्हाही आहे, त्याला दंड किंवा कैद होऊ शकते. परीक्षेच्या खोलीत अर्थात कुणी पोलीस बोलावणार नाही. पण सांगायचं होतं बहिणीचं कौतुक आणि झालं भलतंच.

सीमाभागातली, कोल्हापुरातली, गोव्यातली बरीच मुलंमुली सध्या जर्मनीच्या वाटेला लागली आहेत. कुणी नर्सिंग करून, कुणी तिथं काम करत शिकण्याच्या अभ्यासक्रमासाठी, कुणी पुढच्या शिक्षणाला. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून चर्चा आणखी वाढली. नर्सला तिथं काम करायचं तर साधारणपणे बी-२ पातळीचं जर्मन लागतं, काम-शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला बहुतेक ठिकाणी बी-१. व्याकरणाची तक्ते घोकून तयारी होते. घोळ होतो तो पुढे, माणसाबद्दल बोलताना. स्वतःबद्दल, सहकाऱ्याबद्दल, साहेबाबद्दल. हा विषय पहिल्या काही महिन्यांतच शिकवला जातो म्हणून मुलं तो सोपा समजतात. प्रत्यक्षात नोकरीच्या मुलाखतीपासून नोकरी सोडतानाच्या दाखल्यापर्यंत तो पाठ सोडत नाही.

(खाली जर्मन शब्द देवनागरीत उच्चाराच्या जवळ जातील असे लिहिले आहेत. तंतोतंत उच्चार शिक्षकांकडूनच ऐकावा.)

इंग्रजीच्या पुलावरून गेलात की पडलात

आपल्याकडं जर्मन शिकणारा बहुतेक जण मनात मराठी, वहीत इंग्रजी आणि तोंडात जर्मन असा तिहेरी प्रवास करतो. इंग्रजी आणि जर्मन सख्ख्या बहिणी, त्यामुळं शब्द सारखे दिसतात. स्वभावाच्या शब्दांत हे सारखेपण फार दगा देतं.

'झेन्झीबेल' घ्या. इंग्रजीतला सेन्सिबल, म्हणजे समंजस, डोक्यात ठेवून मुलगा मुलाखतीत सांगतो, मी झेन्झीबेल आहे. ऐकणाऱ्याला कळतं, हा हळवा आहे, याला पटकन लागतं. समंजस म्हणायचं तर 'फेरन्युन्फ्टिश'. 'ब्राफ' म्हणजे ब्रेव्ह नाही. ब्राफ म्हणजे गुणी, सांगितलेलं ऐकणारं. लहान मुलाला म्हणतात, कुत्र्यालाही म्हणतात. पंचवीस वर्षांच्या तरुणानं स्वतःला ब्राफ म्हटलं तर समोरचा हसू दाबेल. शूर म्हणजे 'मूटिश'. 'झेरिओस' म्हणजे गंभीर चेहऱ्याचा नव्हे, तर भरवशाचा, व्यवहाराला चोख. आणि 'झेल्ब्स्टबेवुस्ट' या लांबलचक शब्दाचे तुकडे इंग्रजीत करून बघितले तर बुजरा असा अर्थ निघतो, प्रत्यक्षात तो आहे बरोबर उलटा, आत्मविश्वास असलेला.

नर्सिंगच्या मुलींना सगळ्यांत जास्त अडकवतो तो 'झ्युम्पाटिश'. रुग्णाबद्दल मला कणव वाटते, हे सांगायला त्या सिम्पथेटिकच्या धाग्यानं हा शब्द उचलतात. पण झ्युम्पाटिश म्हणजे बघताक्षणी आवडावा असा माणूस. "मी खूप झ्युम्पाटिश आहे" म्हणजे "मी सगळ्यांना आवडते बरं का!" दुसऱ्याबद्दल बोललं तर गोड कौतुक, स्वतःबद्दल बोललं तर फुशारकी. त्यांना हवा असलेला शब्द आहे 'आइनफ्युलझाम', दुसऱ्याच्या मनात शिरून त्याचं दुखणं ओळखणारी. हा एक शब्द पाठ असला तरी मुलाखतीत काम होतं.

गंमत म्हणजे काही ठिकाणी मराठीतून थेट गेलात तर वाट सरळ आहे. गरम डोक्याचा माणूस जर्मनमध्येही 'हिट्सकॉप्फ', म्हणजे शब्दशः तापलेलं डोकं. भित्र्या माणसाला ते 'आंग्स्टहाझे' म्हणतात, अगदी आपला भित्रा ससा. पण 'डिककॉप्फ' दिसला की थांबा. शब्दशः जाड डोकं. आपल्याकडं ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही तो जाड डोक्याचा. जर्मन डिककॉप्फ मात्र हुशार असू शकतो, तो फक्त हट्टी असतो. आपल्या एखाद्या आजोबांसारखा, एकदा नाही म्हटलं की नाही.

आणखी एक फरक स्वभाव आणि तात्पुरती अवस्था यांतला. मराठीत 'तो रागीट आहे' आणि 'तो रागावलाय' यांत आपण कधी गोंधळत नाही. जर्मनमध्येही शब्द वेगळे आहेत. आत्ता रागावलेला तो 'झाउअर', ज्याचा मूळ अर्थ आंबट. मुळात तापट तो 'येत्सोर्निश'. सहकारी सकाळी उशिरा आलेल्या बसवर वैतागून झाउअर असेल. त्याला येत्सोर्निश म्हणालात तर तुम्ही त्याच्या स्वभावावरच शिक्का मारला. तो मग खरंच झाउअर होईल.

'पेक्षा' नाही, शेपूट आहे

आता तुलना. मराठीत तुलना करणं फार स्वस्त आहे. 'सुनीता अनितापेक्षा हुशार आहे.' हुशार हा शब्द जसाच्या तसा, सगळं काम 'पेक्षा'नं केलं. जर्मनमध्ये विशेषणालाच शेपूट लागतं. 'क्लूक' म्हणजे हुशार, त्याचं झालं 'क्ल्युगर', मग 'आल्स', मग जिच्याशी तुलना ती. 'सुनीता इस्ट क्ल्युगर आल्स अनिता.' सगळ्यांत हुशार असेल तर 'आम क्ल्युक्स्टन'. कष्टाळू म्हणजे 'फ्लाइसिश', जास्त कष्टाळू 'फ्लाइसिगर', सगळ्यांत कष्टाळू 'आम फ्लाइसिश्स्टन'.

इथं मराठी मुलं पहिली चूक हमखास करतात. आपण 'जास्त हुशार' म्हणतो म्हणून ते 'जास्त'ला जर्मन शब्द शोधतात, 'मेअर', आणि 'मेअर क्लूक' करून मोकळे होतात. जर्मन कानाला ते खटकतं. शब्द कितीही लांब असो, शेपूट त्यालाच लागतं. इंग्रजीत लांब विशेषणाला मोअर लावतात तशी सवलत इथं नाही.

दुसरी चूक 'खूप'ची. मराठीत 'ती खूप हुशार आहे' आणि 'ती त्याच्यापेक्षा खूप हुशार आहे' या दोन्हींत खूप एकच. जर्मनमध्ये साध्या विशेषणाला 'झेअर', तुलनेच्या रूपाला 'फील'. 'झेअर क्लूक' बरोबर, 'फील क्ल्युगर' बरोबर, पण 'झेअर क्ल्युगर' चूक. तिसरी चूक खुद्द जर्मन लोकही करतात. पेक्षासाठी 'आल्स', इतकाच-सारखासाठी 'वी' हा नियम. पण दक्षिण जर्मनीत बोलीभाषेत लोक सर्रास पेक्षाच्या जागी 'वी' म्हणतात. तिथं राहून कानावर पडलेलं परीक्षेत लिहिलं की गुण गेले. बेळगावात बोलतो तसं मराठी दहावीच्या पेपरात लिहिलं तर काय होईल, तोच प्रकार.

शेपटाचं हे प्रकरण आपल्याला अगदीच परकं मात्र नाही. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ हे संस्कृतातून आलेले शब्द आपण रोज वापरतो. त्यांच्या शेवटचा 'इष्ठ' म्हणजे सगळ्यांत अधिक असं दाखवणारा प्रत्यय, आणि जर्मन 'आम क्ल्युक्स्टन'मधला 'स्ट' हा त्याचाच दूरचा भाऊबंद. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या. मराठीनं प्रत्यय टाकून दिला आणि पेक्षा पत्करला, जर्मननं प्रत्यय जपला, एवढंच.

लिंगाच्या बाबतीतही सीमाभागातल्या मुलांनी घाबरायचं कारण नाही. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं. विशेषण नामाच्या आधी आलं की त्याला लिंगाप्रमाणं प्रत्यय लागतो, वाक्याच्या शेवटी एकटं आलं की काहीच लागत नाही. मराठीत 'तो भोळा, ती भोळी' हे वाक्याच्या शेवटीही बदलतं, तेवढा भाग उलट जर्मनमध्ये सोपा. 'मेडशेन', म्हणजे मुलगी, हा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून क्लासमध्ये पोरं हसतात. पण गोव्याच्या कोंकणीत तरुण मुलीला 'चेडूं' म्हणतात आणि तिचा उल्लेख 'तें' असाच करतात. मालवणीतही 'चेडू' आहेच. कोंकणी कानावर असलेल्या मुलाला तरी मेडशेनचं नवल वाटू नये.

कमी दाखवायचं असेल तर

माणसांची तुलना करताना खरा प्रश्न व्याकरणाचा नसतो, समोरच्याला लागेल का हा असतो. 'अमका तमक्यापेक्षा आळशी आहे' हे वाक्य कुठल्याही भाषेत बोचतं. जर्मन लोक तोंडावर बोलणारे म्हणून प्रसिद्ध आहेत, पण त्यांच्याकडंही वळसे आहेत. 'निश्ट झो… वी', म्हणजे 'त्याच्याइतका नाही', हा सगळ्यांत सोपा वळसा. 'तो तिच्यापेक्षा आळशी आहे' याऐवजी 'तो तिच्याइतका चटपटीत नाही'. अर्थ तोच, धार कमी. आपल्या घरीही सुनेची जावेशी तुलना करताना सासूबाई नेमकं हेच करतात.

एकाच माणसाच्या दोन गुणांची तुलना करायची असेल तर शेपूट चालत नाही. 'पोरगं मठ्ठ नाही हो, आळशी आहे', हे पालकसभेत आपण ऐकतोच. जर्मनमध्ये इथं 'एहर' येतो. 'एर इस्ट एहर फाउल आल्स डुम', तो मठ्ठ असण्यापेक्षा आळशी आहे. हे वाक्य शिक्षकाच्या तोंडी आलं तर त्यात आशा असते, आळस झटकता येतो.

सगळ्यांत मजेशीर गोष्ट वयाची. 'आल्ट' म्हणजे म्हातारा, 'एल्टर' म्हणजे जास्त म्हातारा. मग 'आल्टर हेर' आणि 'एल्टरर हेर' या दोन गृहस्थांत वयानं मोठा कोण? हिशेबानं दुसरा. प्रत्यक्षात पहिला. पुढं 'आल्स' नसताना नुसतं तुलनेचं रूप आलं की ते सौम्य होतं, आपल्या 'जरा वयस्क' किंवा 'पोक्त' याच्या जवळ जातं. वृद्धाश्रमात किंवा हॉस्पिटलात काम करणाऱ्या मुलीनं आजींचा उल्लेख 'एल्टरे डामे' असा केला तर तो अदबीचा, 'आल्टे डामे' म्हटलं तर थेट म्हातारी बाई. शेपूट जोडून वय कमी होतं, हे पहिल्यांदा ऐकताना कुणालाच पटत नाही.

सोशिक म्हणजे 'बेलास्टबार' का?

जर्मन नोकरीच्या जाहिराती वाचल्या तर ठरावीक विशेषणं पुन्हा पुन्हा भेटतात. 'त्सुफेरलेसिश', ज्याच्यावर विसंबता येईल असा. 'टीमफेइश', चार जणांत मिळून काम करू शकणारा. 'क्रिटीकफेइश', टीका ऐकून घेऊ शकणारा. आणि 'बेलास्टबार', म्हणजे भार पेलणारा.

हा शेवटचा शब्द आला की आपल्या मुलींना 'सोशिक' आठवतं. आपल्याकडं सोशिकपणा हा मोठा गुण, आई-आज्यांच्या कौतुकातला. पण सोशिक माणूस दुखलं तरी बोलत नाही. बेलास्टबारची अपेक्षा वेगळी आहे. कामाचा ताण असला तरी डोकं ठिकाणावर ठेवून काम बरोबर करणारा, आणि झेपत नसेल तर वेळेत सांगणारा. रात्रपाळीला एकटीवर जास्त रुग्ण आले आणि ती गप्प राहिली, त्यातून औषध चुकलं, तर तिथं तिला कुणी सोशिक म्हणून शाबासकी देत नाही. का सांगितलं नाहीस, हाच पहिला प्रश्न. मुलाखतीत 'मी सगळं सहन करते' हे वाक्य म्हणूनच गुण म्हणून मांडू नये.

क्रिटीकफेइश हाही असाच. साहेबानं सगळ्यांसमोर चूक दाखवली की आपल्याला ते लागतं, पाणउतारा वाटतो. तिथं बहुतेक वेळा तो कामाचा भाग असतो. उलट चांगलं काम केलं तर कौतुक होईलच असं नाही. श्टुटगार्टच्या आसपासचे श्वाबी लोक तर यात नामांकित. त्यांच्यात एक म्हणच आहे, की ओरडा बसला नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. काटकसरीबद्दलही त्यांची ख्याती आहे, आणि तिथं पुन्हा शब्द जपायला लागतो. श्वाबी माणसाला 'श्पारझाम', काटकसरी, म्हटलं तर तो मान डोलावेल. 'गाइत्सिश', म्हणजे चिक्कू, म्हटलं तर संबंध बिघडतील. बाडेन-व्युर्टेम्बर्गला जाणाऱ्यांनी हे दोन शब्द वेगवेगळ्या खिशांत ठेवलेले बरे.

दाखल्यातली एक 'श्टेट्स' कोर्टात गेली

स्वभाव आणि तुलना हे दोन्ही जिथं पैशाशी येऊन भिडतात ती जागा म्हणजे नोकरी सोडताना मिळणारा दाखला. जर्मनमध्ये 'आर्बाइट्सत्सॉइग्निस'. हा मागण्याचा हक्क कायद्यानंच दिला आहे, तिथल्या व्यवसाय कायद्याच्या कलम १०९ मध्ये. साधा दाखला फक्त काय काम केलं, किती काळ केलं एवढंच सांगतो. काम कसं केलं आणि वागणूक कशी होती हेही हवं असेल तर तसं मागावं लागतं. पुढची नोकरी शोधताना हा मोठा दाखलाच सगळे बघतात, म्हणून तो मागायला विसरू नये.

दाखला सत्य हवा आणि माणसाच्या भवितव्याला मारक नको, अशा दोन अटींत मालक अडकलेला असतो. वाईट लिहिता येत नाही, खोटं लिहिता येत नाही. त्यातून एक अजब भाषा तयार झाली. वरवर सगळं कौतुकच, पण कौतुकाची पायरी बघायची.

'त्यांनी आमच्या समाधानाप्रमाणं काम केलं.' मराठीत वाचलं तर छान वाटतं. जर्मन दाखल्यात हा जेमतेम पास. 'पूर्ण समाधानाप्रमाणं', म्हणजे 'फॉलन' लागलं, तर मध्यम. त्याच्या आधी 'श्टेट्स', म्हणजे नेहमी, आलं तर चांगला. आणि 'श्टेट्स' अधिक 'फॉल्स्टन', म्हणजे नेहमी आणि सर्वांत पूर्ण समाधान, तर उत्तम. भांडं एकदा भरलं की त्याहून 'जास्त भरलेलं' कसं असेल, असं व्याकरणवाले कुरकुरतात, पण पहिल्या नंबरासाठी हेच वाक्य रूढ झालं आहे. सगळ्यांत खालची पायरी कुठली? 'त्यांनी प्रयत्न केला.' 'बेम्युट' हा शब्द दिसला की समजायचं, जमलं काहीच नाही.

२०१४ मध्ये यातला एकच शब्द एर्फुर्टच्या केंद्रीय कामगार न्यायालयापर्यंत पोचला. दातांच्या दवाखान्यात काम केलेल्या एका महिलेच्या दाखल्यात 'पूर्ण समाधान' होतं, तिला 'नेहमी पूर्ण समाधान' हवं होतं. न्यायालयानं १८ नोव्हेंबर २०१४ रोजी सांगितलं, की मध्यम हीच सुरुवातीची पायरी धरायची. त्याहून वरची हवी असेल तर काम चांगलं होतं हे कर्मचाऱ्यानं दाखवायचं, त्या क्षेत्रात बाकीच्यांना सरसकट चांगले दाखले मिळत असले तरीही. आणि मध्यमाच्या खाली उतरवायचं असेल तर सिद्ध करायची जबाबदारी मालकाची.

कलम १०९ मध्येच असंही म्हटलंय, की दाखल्याची भाषा स्पष्ट हवी, वर एक आणि आत दुसरं असा छुपा अर्थ नको. तरी जुन्या खुणांची चर्चा थांबत नाही. 'त्यांच्या गप्पिष्टपणामुळं कामाचं वातावरण सुधारलं' या वाक्यातला 'गेझेलिशकाइट' वाचून दारूचा संशय घ्यायचा, हे उदाहरण तिथं जवळजवळ प्रत्येकाला माहीत असतं. वागणुकीच्या वाक्यात साहेबाच्या आधी सहकाऱ्यांचा उल्लेख आला तर साहेबाशी पटत नव्हतं असं वाचलं जातं. म्हणून दाखला हातात पडला की 'छान लिहिलंय' म्हणून घडी घालून ठेवू नये. जर्मन वाचणाऱ्या अनुभवी माणसाकडून 'श्टेट्स' आणि 'फॉल' कुठं आहेत ते आधी बघून घ्यावं. चूक वाटली तर दुरुस्ती मागता येते, आणि ती लवकर मागितलेली बरी.

शेवटच्या ओळीत बहुतेक मालक तीन गोष्टी लिहितात. तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं, आभार, आणि पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. ती ओळ नसली तरी वाचणाऱ्याच्या लक्षात येतं. मात्र ती हक्कानं मागता येत नाही, असं याच न्यायालयानं २०१२ मध्ये ठरवलं आहे. ओळ आवडली नाही तर ती काढून टाकलेला दाखला मागता येतो, एवढंच.